हुमणीचा भुंगेरा आणि ढालकिडा : शेजारी ठेवून कसे ओळखायचे, कोणाला कधी हात घालायचा

श्रावणात सोयाबीन पट्ट्यापट्ट्याने पिवळं पडून सुकायला लागलं की हुमणीच्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीच्या, औषधाची शोधाशोध सुरू होते. पौषात करडीच्या शेंड्यावर मावा दिसला की दुसऱ्याच दिवशी पंप पाठीवर चढतो. दोन्ही वेळा मुहूर्त चुकलेला असतो. हुमणी फुकटात पकडायची वेळ मृगाच्या आसपासच्या दहा-पंधरा संध्याकाळींत निघून गेलेली असते, आणि करडीवर पंप चालतो तेव्हा मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) ऐन भरात असतो.

हे दोघेही भुंगेरेच. दोघांचेही पुढचे पंख कवचासारखे कडक, दोघेही अंडी, अळी, कोष आणि भुंगेरा अशा चार अवस्थांतून जाणारे. पण एकाचं जवळजवळ सगळं आयुष्य मातीच्या अंधारात जातं, तर दुसऱ्याचं उघड्या पानावर. त्या राहणीची खूण दोघांच्या अंगावर असते, आणि ती वाचता आली की कोणतं काम कधी करायचं ते बरंचसं आपोआप कळतं.

तुलनेसाठी इथे दोन जाती घेतल्या आहेत. हुमणीची होलोट्रिकिया सेराटा, आणि ढालकिड्यांतली सहा ठिपक्यांची, पाठीवर नागमोडी काळे पट्टे असलेली चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटा. गंमत म्हणजे दोघींनाही शास्त्रीय नाव देणारा माणूस एकच, डेन्मार्कचा योहान फाब्रिसियस, आणि सालही एकच, १७८१.

नमुने कसे धरायचे

दहा पट मोठं दाखवणारं भिंग लागेल. घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसलं चालतं. शिवाय पांढरा कागद, मिलिमीटरची पट्टी, झाकणाच्या दोन बाटल्या, मऊ केसांचा रंगाचा ब्रश आणि टॉर्च.

हुमणीचे भुंगेरे वळवाचा किंवा रोहिणीचा जमीन भिजवणारा पहिला पाऊस झाल्यावर मिळतात. बांधावरच्या कडुनिंबाखाली, बाभळीखाली किंवा बोरीखाली संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उभं राहा. आधी घरघर ऐकू येईल, मग भुंगेरे दिसतील. चार-पाच पुरेत. बाटलीत भरून चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबून मगच पाय हलवून पाहा, नाहीतर सांध्यातून तुटतात. आठवडाभर वाळलेला भुंगेरा असेल तर ओलं फडकं घातलेल्या बंद डब्यात एक रात्र ठेवला की पाय पुन्हा मऊ होतात. दोन-तीन दिवस तसाच राहिला तर बुरशी धरते.

ढालकिडा मारायचा नाही. सकाळी ऊन चढण्याआधी तो सुस्त असतो. करडी, ज्वारी, कपाशी किंवा चवळीच्या पानाखाली बाटलीचं तोंड धरा आणि पानाला वरून टिचकी मारा. बोटांनी चिमटीत धरू नका. का ते पुढे येईलच. बाटली फ्रीजच्या साध्या कप्प्यात पाच-दहा मिनिटं ठेवली की किडा पळत नाही. पाहून झालं की ज्या शेतातून आणला तिथेच सोडा.

दोघांना एका कागदावर ठेवल्यावर

पहिला फरक अर्थातच आकाराचा. हुमणीचा भुंगेरा साधारण १८ ते २२ मिमी लांब, लालसर ते गडद तपकिरी, लांबोडा. ढालकिडा ४ ते ६ मिमी. पण आकारात अडकू नका. खरी गोष्ट पायांत आणि शिंगांत आहे.

हुमणीचा पुढचा पाय भिंगाखाली धरा. नडगीची बाहेरची कड करवतीसारखी असते, तिच्यावर तीन ठळक दात दिसतात. हे खोदायचं हत्यार. दिवस उजाडायच्या आत भुंगेऱ्याला परत मातीत शिरायचं असतं, आणि मादीला अंडी घालायला खाली उतरायचं असतं. मागचे पायही काटेरी, माती मागे लोटणारे. पावलाच्या टोकाच्या नख्यांना मध्येच एक दात असतो. त्याने तो कडुनिंबाच्या पानाची कड पकडून लोंबकळत खातो. म्हणूनच फांदीला जोराचा झटका दिला की तो टपकन पडतो. गुळगुळीत पानाला चिकटून राहायची त्याच्यात सोय नाही.

ढालकिड्याचे पाय याच्या उलट. आखूड, बारीक, खोदायच्या अजिबात कामाचे नाहीत. तो उताणा करून पावलाच्या तळाकडे पाहा, तिथे दाट बारीक केसांची गादी दिसेल. त्या केसांमुळे तो ज्वारीच्या गुळगुळीत पानावर उलटा चालतो आणि वाऱ्यातही पडत नाही. हुमणीच्या पावलाला पाच पेरं सहज मोजता येतात. ढालकिड्याची तीनच वाटतात. चौथं इतकं बारीक की दोन पेरांच्या बेचक्यात लपून राहतं. पोटाची बाजू सपाट आणि पाठ घुमट, म्हणजे उपडी ठेवलेली वाटीच. मुंगळा अंगावर आला की पाय आत ओढून हा पानावर दबकून बसतो आणि मुंगळ्याच्या जबड्याला धरायला कडच मिळत नाही. ‘ढालकिडा’ हे नाव ठेवणाऱ्याने नीट पाहून ठेवलं आहे.

आता शिंगं, म्हणजे मिशा. हुमणीच्या मिशीच्या टोकाला तीन पातळ पानं असतात. ती एरवी मिटलेली असतात आणि वास घ्यायचा असला की पंख्यासारखी उघडतात. मेलेल्या भुंगेऱ्यात टाचणीच्या टोकाने अलगद उघडून पाहता येतात. संधिप्रकाशात खाण्याचं झाड आणि जोडीदार दोन्ही शोधायचे असतात आणि डोळ्यांचा उपयोग बेताचाच, म्हणून वास पकडणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका बरा. नराचा हा पंखा मादीपेक्षा मोठा असतो. चार-पाच भुंगेरे शेजारी ठेवले तर फरक ओळखू येतो. ढालकिड्याची मिशी आखूड, टोकाला जराशी जाड, डोक्याखाली दुमडून ठेवता येणारी. तो चालत-चालत, हुंगत आणि स्पर्श करत भक्ष्य शोधतो.

पाठीचं कवच पाहताना हुमणीच्या पोटाचं शेवटचं टोक पंखांच्या बाहेर उघडं राहिलेलं दिसेल. ढालकिड्यात तसं काही उघडं नाही. त्याचे उडायचे पंख कवचापेक्षा बरेच लांब असतात आणि घडीवर घडी घालून आत कोंबलेले असतात. उडून परत बसल्यावर कवचाखालून पंखाची टोकं क्षणभर बाहेर राहतात आणि पोट वर-खाली हलवून तो ती आत ओढतो. एवढं एकदा नक्की पाहा.

रंगाचं कारणही राहणीतच आहे. मातीत आणि अंधारात राहणाऱ्याला मातीचा रंग पुरतो. उघड्यावर दिवसा फिरणारा ढालकिडा मात्र लाल-नारिंगी-काळा भडक असतो, कारण त्याला पक्ष्यांना दिसायचंच असतं. कोरड्या बोटाने त्याला हलकेच दाबा: पाय आखडून घेतो आणि गुडघ्याच्या सांध्यांतून पिवळे थेंब येतात. थेंबाला उग्र वास असतो, चव कडू असते. ज्या पक्ष्याने एकदा चोच मारली तो हे रंग विसरत नाही. चिमटीत धरायचं नाही ते यासाठी. दर वेळी अंगातलं द्रव्य असं खर्ची पडणं किड्याला परवडत नाही.

खरी तुलना अळ्यांची

शेतात नुकसान आणि फायदा दोन्ही मुख्यतः अळ्या करतात, आणि नेमक्या त्याच ओळखायला चुकतात.

हुमणीची अळी पांढरी, मऊ, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली. डोकं तपकिरी आणि कठीण, पुढे सहा पाय, मागचं टोक फुगीर आणि काळपट. ते काळं म्हणजे कातडीतून दिसणारी, आतड्यात भरलेली माती आणि कुजकं. आतड्याचा मागचा भाग फुगलेल्या पिशवीसारखा असतो आणि मुळांतला चोथा तिथे जिवाणूंच्या मदतीने आंबवून पचतो. जवळपास गाईच्या पोटासारखीच सोय. डोळे नसल्यात जमा, अंधारात लागत नाहीत. कातडी इतकी पातळ की उन्हात उघडी पडली तर लवकर मरते. ही तिची सगळ्यात मोठी कमजोरी, नांगरटीचा फायदा यातूनच निघतो.

ढालकिड्याची अळी पाहून तिचा नि त्या गोंडस किड्याचा काही संबंध असेल असं वाटत नाही. राखाडी-काळी, अंगावर पिवळट-नारिंगी ठिपके आणि बारीक काटे, लांब पाय, मागे निमुळती. सुसरीचं पिल्लू पानावर चालावं तशी. शेपटीच्या टोकाला चिकटायची गादी असते. कात टाकताना अळी ती पानाला टेकवून डोकं खाली करून लटकते. जबडे विळीसारखे. पहिल्या अवस्थेतली अळी माव्याला धरून त्याचा रस शोषते, चौथ्या अवस्थेतली अख्खा मावा चावून खाते, आणि ही चौथी अवस्था सगळ्यात खादाड. गावोगावी ही अळी ‘नवीन कीड’ म्हणून दुकानात दाखवली जाते आणि तिच्यावर औषध दिलं जातं. मावा असलेल्या झाडावर काळसर, पायाळ, चपळ अळी दिसली तर आधी दहा मिनिटं तिच्याकडे बघा. पान कुरतडते की मावा खाते, ते तेवढ्यात कळतं.

शेणखतातली पांढरी अळी हुमणीच असते का?

नसते. उकिरड्यात तीन-चार जातींच्या अळ्या असतात, सगळ्या पांढऱ्या आणि वळलेल्या. तपासायला अळी सपाट फरशीवर किंवा ताटात ठेवा आणि मिनिटभर हात लावू नका.

अळी उताणी होऊन पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली, तर ती फुलांवर येणाऱ्या भुंग्यांच्या कुळातली आहे. कुजकं खाते, खत बारीक करते, राहू द्या. अळी अंगठ्याएवढी जाड आणि पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे असेल तर बहुधा गेंड्या भुंग्याची. ती पिकाच्या मुळाला लागत नाही. नारळाची झाडं असतील तर मात्र तिचा भुंगा शेंड्यात शिरतो, म्हणून तिथे ती वेचावी. अळी कुशीवर वळून पडून राहिली, पायाने धडपड करत माती शोधू लागली, तर भिंगातून तिचं मागचं टोक पाहा. गुदद्वाराची फट तीन फाट्यांची किंवा इंग्रजी ‘व्ही’सारखी असेल तर हुमणीचं कुळ. गेंड्या भुंग्यात आणि फुलांवरच्या भुंग्यांत ती आडवी, एका रेषेत असते. दोन अळ्या शेजारी ठेवल्या की चुकत नाही.

अर्धवट कुजलेलं खत मात्र दोन्ही बाजूंनी घातक. त्यातून अळ्या शेतात जातात आणि मादी अंडी घालायला अशा खताकडे येते. खत टाकण्याआधी पातळ पसरून दिवसभर उन्हात ठेवा. कोंबड्या, साळुंक्या आणि बगळे उरलेलं काम करतात.

दोघांचं वर्ष

हुमणीची वर्षाला एकच पिढी. पावसाने जमीन भिजली की भुंगेरे निघतात. मादी ५० ते ६० अंडी घालते, एकेक सुटं, ओल्या मातीत साधारण बोटभर-वीतभर खोल. अंडं मातीतलं पाणी शोषून फुगतं, माती कोरडी पडली तर मरतं. पावसाची वाट पाहण्याचं कारण हेच. साधारण दोन आठवड्यांत अळी निघते. सुरुवातीला ती कुजकं आणि तंतुमुळं खाते, श्रावण-भाद्रपदात तिसऱ्या अवस्थेत आली की मुख्य मुळं तोडते. थंडीकडे ती खोल उतरते, मातीची कोठडी करून कोषात जाते, आणि पुढची गोष्ट सगळ्यात हुशारीची: भुंगेरा तयार झाला तरी तो बाहेर येत नाही. चैत्र-वैशाखात वर जमीन भेगाळून तापत असताना तो खाली ओलाव्यात न खाता-पिता दम धरून बसतो, पाऊस पडेपर्यंत.

ढालकिड्याचं गणित याच्या उलट. दोन-तीन आठवड्यांत अंड्यापासून भुंगेरा होतो, थंडीत थोडा उशीर लागतो. मावा ज्या वेगाने वाढतो त्या वेगाच्या मागोमाग यालाही वाढायचं असतं, त्यामुळे वर्षभर वाट बघत बसणं परवडणारं नाही. पिवळी, टोकदार अंडी पानाच्या मागे उभी, झुबक्याने, आणि माव्याच्या वस्तीजवळच घातलेली असतात.

म्हणून हुमणीचे सगळे पत्ते जूनमध्ये एकदाच वर येतात. ढालकिड्याला मात्र आठ-दहा दिवसांची उसंत दिली तरी तो आपला आपण वाढतो.

मृगातल्या दहा-पंधरा संध्याकाळी

पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या संध्याकाळपासून सुरुवात करा. मराठवाड्यात त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. भुंगेरे सव्वासात ते आठच्या दरम्यान निघतात, झाडावर जमतात, जोड्या लावतात आणि पाला खात बसतात. साडेसात ते नऊ ही कामाची वेळ. बांधावरची एकटी-दुकटी कडुनिंब, बाभूळ आणि बोर आधी हेरून ठेवा, कारण सगळ्या झाडांवर सारखे नसतात. दर झाडामागे सरासरी २० किंवा जास्त भुंगेरे असतील तर मोहीम काढायलाच हवी.

झाडाखाली जुन्या साड्या किंवा ताडपत्री बुंध्याला भिडवून अंथरा. लांब बांबूला आकडी बांधून फांद्या एकेक करून झटका; सावकाश हलवलं तर भुंगेरे नख्या रोवून घट्ट धरतात. एका बादलीत अर्ध्याला थोडं कमी पाणी आणि मूठभर धुण्याची पावडर. साध्या पाण्यावर ते तरंगत राहतात आणि काठ धरून बाहेर येतात. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि बुडतात. वेचलेले भुंगेरे बादलीत टाका, सकाळी खड्ड्यात पुरा किंवा साबण न घातलेले जिवंत भुंगेरे कोंबड्यांना द्या.

हिशोब सरळ आहे. शंभर भुंगेऱ्यांत पन्नास माद्या धरल्या तर अडीच हजार अंडी जमिनीत जायची थांबली. पण हेच काम तिसऱ्या आठवड्यात केलं तर मेहनत तीच आणि फायदा थोडा. तोवर बहुतेक माद्या अंडी घालून मोकळ्या झालेल्या असतात. एकट्या शेतकऱ्याने केलं तरी हाच अनुभव, कारण शेजारच्या बांधावरून भुंगेरे उडून येतात. निदान एका शिवारातल्या लोकांनी तारीख ठरवून एकत्र करावं.

प्रकाश सापळा लावायचा तर सूर्यास्तापासून साडेनऊपर्यंतच. रात्रभर दिवा ठेवला की हुमणीपेक्षा मित्रकीटकच जास्त मरतात. सापळा झाडापासून जरा लांब ठेवा, अगदी झाडाखाली ठेवला तर भुंगेरे दिव्याकडे येण्याऐवजी झाडावरच बसतात. झाडांवर औषध फवारायचा मोह टाळा. कडुनिंब-बाभळीचा पाला शेळ्यांना घातला जातो, हे फवारणाऱ्याला माहीत असतं, पण शेळ्या वळणाऱ्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं.

उशीर झाला असेल तर

झाड सुकलेलं दिसलं की आधी उपटा. हुमणीने खाल्लेलं झाड हाताला सहज येतं आणि मुळं तुटलेली असतात. मूळकुजीत मुळं असतात, पण काळी पडून त्यांची साल निघते. या दोघांत गल्लत झाली की पैसे वाया जातात. मग सुकलेल्या झाडाच्या शेजारचं, अजून हिरवं दिसणारं झाड फावड्याने वीतभर मातीसकट उचला. अळी बहुतेकदा तिथे सापडते, कारण मेलेलं झाड सोडून ती ओळीने पुढे सरकलेली असते.

मोजणीसाठी एकरात पाच ठिकाणी १ मीटर बाय १ मीटर, २० सेंमी खोल माती उकरा आणि चाळून अळ्या मोजा. चौरस मीटरला सरासरी एक अळी निघाली तर उपाय करावा. एक म्हणजे फार वाटत नाही, पण एकराला त्या चार हजार होतात.

जैविक उपायात मेटाऱ्हायझियम ॲनिसोप्ली ही हिरवी बुरशी, एकरी ४ किलो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून हीच शिफारस केली जाते. पूर्ण कुजलेल्या १०० किलो शेणखतात मिसळून, ओल असताना, संध्याकाळी मुळांजवळ पसरून मातीआड करा. बीजाणू अळीच्या कातडीवर रुजून आत शिरतात, त्यामुळे ओल नसेल तर रुजतच नाहीत. मारलेली अळी आधी कडक पांढरी होते आणि नंतर हिरव्या भुकटीने माखते. खणल्यावर अशी अळी दिसली तर बुरशी लागू पडली असं समजा. फसते ती ठरावीक कारणांनी: पाकिटाची मुदत संपलेली, पाकीट उन्हात पडलेलं, खत अजून गरम, त्याच आठवड्यात बुरशीनाशकाची आळवणी, किंवा उपाय भाद्रपदात. मोठ्या अळीवर बुरशी हळू चालते. जूनअखेर ते जुलै ही तिची वेळ. आणि चार दिवसांत परिणाम मागू नका, दोन-तीन आठवडे जातात.

ऊस असेल आणि पाणी असेल तर एक-दोन दिवस सरीत पाणी साचवून ठेवल्यानेही अळ्या गुदमरतात किंवा वर येतात. निचऱ्याच्या हलक्या जमिनीत हे साधत नाही, आणि नेमक्या तिथेच हुमणी जास्त असते.

सोयाबीन निघाल्याबरोबर नांगरट करा. डिसेंबरनंतर नांगरलं तर अळ्या आणि कोष फाळाच्या खाली गेलेले असतात. नांगरामागे बगळे चालत असतील तर नांगर योग्य वेळी फिरतोय.

ढालकिड्यासाठी करायचं कमी, टाळायचं जास्त

करडीवर मावा बहुतेक वेळा बांधाकडून शिरतो. म्हणून पहिली फेरी कडेच्या तासांतून मारा आणि दहा-दहा झाडांचे शेंडे पाहा. माव्याबरोबर ढालकिडे, त्यांच्या अळ्या, पिवळी अंडी, पानाला चिकटलेले कोष, आणि फुगून तपकिरी झालेला मावा (त्याच्या पोटात परजीवी गांधीलमाशी वाढत असते) किती दिसतात ते लिहून ठेवा. तीन-चार दिवसांनी पुन्हा त्याच ओळी पाहा. अळ्या वाढल्या आणि माव्याची वस्ती विरळ झाली तर पंप खाली ठेवा. मावा वाढत चालला आणि अळ्या दिसतच नसतील, तर आधी कडेच्या साधारण दोन मीटर पट्ट्यातच फवारा. सुरुवात ५ टक्के निंबोळी अर्काने: ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी वापरा, शिळा अर्क काम करत नाही. फवारणी संध्याकाळी.

मुंगळे झाडावर वर-खाली करत असतील तर ढालकिडा टिकत नाही. माव्याचा गोड चिकटा मुंगळ्यांना हवा असतो, म्हणून ते राखणदारासारखे ढालकिड्याच्या अळ्यांना हुसकतात. अशा वेळी वारूळ शोधायचं, झाडावर औषध मारून उपयोग नाही.

कपाशीच्या कडेने मका आणि चवळी, बांधावर थोडी कोथिंबीर किंवा बडीशेप फुलावर सोडलेली, एवढं असलं की पुरतं. मावा संपल्यावर पूर्ण वाढलेला किडा परागावरही तग धरतो.

दोन तोतये लक्षात ठेवा. वांगी आणि बटाट्याच्या पानांची जाळी करणारा हड्डा भुंगेरा ढालकिड्याच्याच कुळातला आहे, पण शाकाहारी. त्याची पाठ चकचकीत नसते, बारीक लव असल्याने मळकट दिसते. ठिपके २८ पर्यंत. अळी पिवळी आणि फांद्या फुटलेल्या काट्यांची. तो वेचून मारावा. दुसरा प्रकार उलटा. सीताफळाच्या पिठ्या ढेकणावर ऑस्ट्रेलियातून आलेला क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा सोडतात; १८९८ मध्ये तो भारतात आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणाचे झुबके असतात आणि ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. बीड-धारूरकडच्या बागांत विकत आणून सोडलेल्या याच अळ्यांवर फवारणी होते. काडीने टोचून पाहा: ढेकूण जागचा हलत नाही, अळी तुरुतुरु पळते.

घरी वाढवून पाहायचं असेल तर

शाळेतल्या मुलांसाठी हा चांगला उद्योग आहे. अंड्यांचा झुबका असलेलं पान रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, देठाला ओला कापूस गुंडाळा, तोंडाला मलमल बांधा. बरणीत पाण्याचे थेंब राहू देऊ नका, पहिल्या अवस्थेतली अळी एका थेंबात बुडते. अळ्या निघाल्या की दुसऱ्या दिवशी ब्रशने उचलून एकेकीला वेगळ्या डबीत टाका. एकत्र ठेवल्या आणि मावा कमी पडला तर त्या एकमेकींना खातात. दहातल्या दोन उरल्या की पोरं म्हणतात अळ्या पळाल्या. रोज माव्याने भरलेला ताजा शेंडा द्या, फवारलेल्या शेतातला नको. अळी खायची थांबून शेपटीने पानाला चिकटली की डबी हलवू नका.

कोषातून नुकताच निघालेला किडा फिकट पिवळा, मऊ आणि बिनठिपक्यांचा असतो. ‘हा वेगळाच निघाला’ म्हणून कुणी टाकून देऊ नये. काही तासांत कवच कडक होतं आणि काळे पट्टे एकेक करून उमटतात. एक रात्र डबीतच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर माव्याच्या शेंड्यावर ब्रशने ठेवा. दुपारी सोडला तर उडून शेजारच्या शेतात जातो.